जुन्या ब्लॅक अँड व्हाईट फोटोला हाताने रंग देताय? आधी या चुका टाळा

माझ्या पणजीचा एक फोटो आहे घरात, नऊवारी, नाकात नथ, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी. त्यात तिचं कुंकू चक्क काळं दिसतं. मी त्याच्या प्रिंटवर लाल लावला, परत लावला, तिसऱ्यांदा लावला, कुंकू काळं ते काळंच, वर नुसती तेलकट चकाकी आली. तेव्हा कुठे लक्षात आलं की चूक ब्रशची नव्हतीच, ती प्रिंट काढतानाच झाली होती.

कारण असं आहे की फोटोवर हाताने लावायचे ऑइल कलर (तेलरंग) पारदर्शक घ्यायचे असतात, ते फोटोच्या काळ्यावर दिसत नाहीत, फक्त करड्या आणि उजळ भागावर दिसतात. आणि जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक प्लेटना, फिल्मना लाल उजेड कळायचाच नाही, म्हणून लाल वस्तू काळीकुट्ट यायची आणि निळी फिक्कट. लालसकट सगळे रंग कळणारी पँक्रोमॅटिक फिल्म साधारण १९३० च्या आसपास सगळीकडे रुळायला लागली. म्हणजे त्याआधीच्या फोटोत जी साडी काळी वाटते ती लाल असू शकते, आणि पांढरा वाटणारा पदर आकाशी. आधी घरातल्या मोठ्या माणसांना विचारा, साडी अजून कपाटात असेल तर काढून बघा, अंदाजाने रंगवू नका. आणि स्कॅन केल्यावर कुंकू, ओठ, लाल काठ एवढाच भाग कॉम्प्युटरवर हलका करडा करून मग प्रिंट काढा. माझं कुंकू असंच जमलं शेवटी, टूथपिकच्या टोकाने, एकच ठिपका.

मूळ फोटोवर तर अजिबात काम करू नका, हे सांगायला नको खरं पण लोक करतात! ६०० डीपीआयला स्कॅन करा आणि दोन प्रिंट काढा, एक चुका करायला. प्रिंट नेहमीपेक्षा जरा हलकी, कॉन्ट्रास्ट कमी, आणि जमलं तर सेपियाकडे, म्हणजे तपकिरी छटेकडे, झुकलेली हवी, म्हणजे त्वचेचा अर्धा रंग आधीच आलेला असतो. गडद कडक प्रिंटवर गाल रंगवला की मळल्यासारखा दिसतो.

कागदाचं सगळ्यात जास्त चुकतं. लॅबमधून येणारी नेहमीची ग्लॉसी प्रिंट प्लास्टिकचा थर दिलेल्या कागदावर असते, त्यावर ऑइल कलर नुसता घसरतो. डार्करूमवाला, म्हणजे अंधाऱ्या खोलीत रसायनांनी फोटो काढून देणारा, कोणी ओळखीत असेल तर मॅट फायबर पेपरवर (प्लास्टिकचा थर नसलेल्या कागदावर) प्रिंट करून घ्या, त्याला तोड नाही. इंकजेटवर करणार असाल तर मॅट कागद घ्या, पण तो तेल पिऊन टाकतो आणि डाग मग पुसता येत नाही, म्हणून आधी फिक्सेटिव्ह स्प्रेचा (चित्र पक्कं करायला मारतात तो) हलका हात द्या, पूर्ण वाळू द्या, मगच रंग.

रंग घेताना ट्यूबवरचा छोटा चौकोन बघा. मोकळा चौकोन म्हणजे पारदर्शक, पूर्ण भरलेला म्हणजे अपारदर्शक. अलिझरिन क्रिमझन, व्हिरिडियन, अल्ट्रामरीन हे चालतात. कॅडमियमवाले आणि टायटॅनियम व्हाइट फोटो झाकून टाकतात. आपल्याकडे राजस्थानातले दरबारी चित्रकार फोटोवर जाड अपारदर्शक रंगाने अख्खं पोर्ट्रेट चढवायचे, फार सुंदर आहेत ती कामं, पण ती वेगळी कला आहे, तिथे खालचा फोटो नुसता आराखडा असतो. आपल्याला डोळ्यातली ती नजर तशीच ठेवायची आहे ना.

आता चेहरा. बाजारातला तयार ‘फ्लेश टिंट’ गोऱ्या युरोपियन कातडीसाठी बनवलेला असतो, तो आपल्या आजीला लावला की ती गुलाबी बाहुली होते. मी बर्न्ट सिएना, म्हणजे लालसर तपकिरी रंग, अगदी कणभर घेते, कापसाने सगळ्या चेहऱ्यावर पसरवते आणि दुसऱ्या कोरड्या कापसाने जवळजवळ सगळं पुसून काढते. उरतं तेवढंच पुरतं. मग गाल, कानाची पाळी, नाकाचा शेंडा इथे किंचित लालसर, हनुवटीखाली काहीच नाही. डोळ्याचा पांढरा भाग आणि दात सोडून द्या, तिथे पांढरा रंग लावला की माणूस भुतासारखा बघतो.

कापूस अगरबत्तीच्या मोकळ्या काडीला घट्ट गुंडाळा, सैल असेल तर तंतू रंगात चिकटतात आणि वाळल्यावर दिसतात. रंग रेषेबाहेर गेला तर घाबरून बोटाने पुसू नका, टर्पेंटाइनमध्ये जेमतेम ओलावलेल्या काडीने कडेकडेने उचला, खिडकी मात्र उघडी ठेवा. डाग डाग दिसतायत म्हणजे रंग जास्त झालाय, अजून लावून ते जात नाहीत, पुसूनच जातात.

पाण्यातले फोटो कलर वापरत असाल तर खऱ्या डार्करूम प्रिंटवर फार पाणी ओतू नका, कागदावरचा जिलेटिनचा थर फुगतो आणि नखाचा नुसता स्पर्श झाला तरी ओरखडा उठतो. अगदी पातळ रंग, लगेच टीपकागद, वाळलं की परत पातळ रंग.

आणि रात्री पिवळ्या बल्बखाली बसू नका. पिवळ्या उजेडात फिका पिवळा दिसतच नाही, आपण लावत जातो आणि सकाळी बघतो तर नथीचं सोनं अख्ख्या गालावर सांडलेलं. दिवसा खिडकीपाशी बसा.

वाळायला ऑइलला चांगल्या हवेत चार-सहा दिवस, पावसाळ्यात त्याच्या दुप्पट धरा. तोपर्यंत उथळ खोक्यात, झाकण किंचित वर टेकवून ठेवा म्हणजे धूळ बसत नाही आणि हवाही लागते. फ्रेम करताना काच फोटोला चिकटता कामा नये, मधे माउंट बोर्डची (जाड पुठ्ठ्याची) पट्टी घालायला सांगा फ्रेमवाल्याला, नाहीतर दमट दिवसात रंग काचेला धरतो आणि सोडवताना चेहरा काचेवरच राहतो.