डिजिटल व्हॅक्यूम गेज वापरताना या चुका टाळा

व्हॅक्यूम पंप अर्धा तास चालवला आणि मॅनिफोल्डचा (नळ्या आणि गेज बसवलेल्या संचाचा) काटा तळाला गेला की एसीच्या पाइपमधली हवा व ओलावा निघून गेला, असे मानण्याची पद्धत आजही अनेक ठिकाणी रूढ आहे. वास्तविक मॅनिफोल्डवरच्या कंपाउंड गेजच्या (दाब आणि व्हॅक्यूम दोन्ही दाखवणाऱ्या) काट्यावरून हे कळूच शकत नाही, कारण त्यावरचा पाऱ्याचा एक इंच म्हणजे २५,४०० मायक्रॉन (दाबाचे एकक, पाऱ्याच्या मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि गाठायचे असतात ५०० मायक्रॉन किंवा त्याहूनही कमी. शिवाय हा काटा बाहेरच्या हवेच्या दाबाच्या तुलनेत मोजतो. सुमारे ५६० मीटर उंचीवरच्या पुण्यात व्हॅक्यूम कितीही चांगला झाला तरी तो पूर्ण व्हॅक्यूमच्या खुणेपर्यंत न जाता २८ इंचांच्या आसपास थांबणार, आणि तेवढ्यावरून पंप कमजोर ठरवला जाणार. डिजिटल गेज निरपेक्ष दाब, म्हणजे पूर्ण निर्वातापासूनचा दाब, मोजत असल्याने त्याच्या बाबतीत हा घोटाळा होत नाही. मात्र तो जिथे जोडला आहे तिथलाच दाब सांगतो, आणि बहुतेक चुकांचे मूळ हे विसरण्यात आहे.

गेज पंपाच्या तोंडाशी किंवा मॅनिफोल्डवर जोडणे ही त्यातली सर्वांत महागात पडणारी चूक. पंप चालू असताना सर्वांत कमी दाब पंपापाशीच असतो; पाव इंची नळी आणि सर्व्हिस पोर्टमधली (एसीला नळी जोडायच्या तोंडातली) झडपेची पिन वाट अडवत असल्यामुळे पंपाजवळ ३०० मायक्रॉन दिसत असताना इनडोर कॉइलमध्ये त्याच्या कित्येक पट दाब असू शकतो. पिन काढण्याचे, वाट बंद करणारा कॉक असलेले टूल वापरून पिन बाहेर काढावी, पंपाला ३/८ इंची किंवा त्याहून जाड आणि शक्य तितकी आखूड नळी लावावी, आणि कॉक बंद केल्यावरही पाइपिंगशी जोडलेला राहील अशा बाजूला गेज बसवावा. मोठ्या यंत्रणेत तो पंपापासून सर्वांत लांबच्या पोर्टवर असावा.

पंप चालू असताना ५०० आकडा दिसला की लगेच गॅस सोडणे ही दुसरी चूक. खरी परीक्षा कॉक बंद केल्यानंतर सुरू होते. आकडा सुरुवातीला थोडा वाढतोच, त्याने घाबरून जाऊ नये. पुढची दहा-पंधरा मिनिटे तो कसा वागतो ते पाहावे. वाढत जाऊन दीड-दोन हजारांच्या आसपास स्थिरावला तर आत ओलावा आहे, आणि न थांबता चढतच राहिला तर गळती आहे. परंतु फ्लेअर (पाइपचे तोंड पसरवून केलेला जोड) पुन्हा करायला घेण्यापूर्वी नळीचे रबर, टूलची सील आणि गेजची जोडणी तपासावी, कारण पुष्कळदा गळती तिथेच सापडते. चार्जिंगच्या जुन्या नळ्या दाबाखाली गळत नसल्या तरी व्हॅक्यूमखाली हवा आत घेतात.

आकडा ४,६०० मायक्रॉनच्या आसपास अडून बसला तर पाण्याचा दाट संशय घ्यावा. २५ अंश सेल्सिअसला पाणी सुमारे २३,८०० मायक्रॉनला उकळू लागते, पण त्याची वाफ वेगाने खेचली गेली की उरलेले पाणी थंड होत जाऊन शून्य अंशाजवळ, म्हणजे ४,६०० मायक्रॉनच्या सुमारास, गोठते. अशा वेळी नुसता पंप चालवत राहण्याऐवजी कोरडा नायट्रोजन आत सोडून व्हॅक्यूम तोडावा, पाइपिंगला ऊब द्यावी, पंपाचे तेल बदलावे आणि मग पुन्हा व्हॅक्यूम मारावा. कोकणात पावसाळ्यात फ्लेअर होण्याआधी पाइपची तोंडे उघडी राहिली तर हा प्रसंग हमखास येतो. पीओई तेलात (कॉम्प्रेसरच्या वंगणात) एकदा मुरलेले पाणी व्हॅक्यूमने नीट निघत नाही, म्हणून तोंडे आधीच बंद ठेवणे कितीतरी स्वस्त पडते.

आता खुद्द गेजविषयी. त्याचा सेन्सर बहुधा तापवलेल्या बारीक तारेवर चालतो आणि त्या तारेवर तेलाचा थेंब बसला की आकडे भरकटतात. गेज उभा, सेन्सरचे तोंड खाली राहील असा जोडावा. बिघडलेल्या आकड्यांवर पहिला उपाय म्हणजे सेन्सरच्या तोंडात शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोलचे काही थेंब टाकून हलकेच हलवणे, ओतून देणे आणि पूर्ण सुकू देणे. कापसाची काडी किंवा तार आत घातली तर सेन्सर कायमचा जातो. सर्व्हिस व्हॉल्व्ह उघडून गॅस पाइपमध्ये सोडण्याआधी गेज वेगळा करायलाच हवा, कारण ३५ अंशांना आर-३२ या एसीतल्या गॅसचा दाब ३०० पीएसआयच्या घरात असतो. गेजची सहनक्षमता माहितीपत्रकात दिलेली असली तरी तिच्यावर रोज विसंबण्यात शहाणपण नाही. बहुतेक गेज हवेसाठी जुळवलेले असल्याने, जुन्या यंत्रणेच्या तेलातून गॅस सुटत असताना दिसणारा आकडाही अचूक नसतो.

तरीही दोष गेजचा की पंपाचा हे ठरत नसेल, तर पंपात ताजे तेल भरून गेज थेट त्याच्या तोंडाला लावावा. काही मिनिटांत आकडा १०० मायक्रॉनच्या खाली आला तर पंप आणि गेज दोन्ही ठीक आहेत, आणि दोष पुढच्या नळीत, सीलमध्ये किंवा पाइपिंगमध्ये शोधावा. आला नाही तर स्वच्छ केलेला दुसरा गेज त्याच पंपावर लावून पाहावा.