श्वानविष्ठेचा प्रश्न : या चुका टाळा

नागपुरात फुटाळा, अंबाझरी किंवा सेमिनरी हिल्सच्या बाजूला सकाळी फिरायला जाणाऱ्यांची एक जुनी तक्रार आहे, ती म्हणजे वाटेवरची कुत्र्यांची घाण. तक्रार रास्त आहे, पण तिच्यावरचे उपाय बहुतेकदा चुकीच्या टोकाकडून सुरू होतात. कुत्र्याला शी करायला अर्धे मिनिट पुरते, आणि तेवढ्यात मालक कोणाच्या नजरेस पडला नाही तर दंड कोणाला करायचा हेच ठरत नाही. म्हणून या कामातले यश दंडाच्या रकमेपेक्षा वेळ आणि जागा अचूक कळण्यावर अधिक अवलंबून असते.

पहिली चूक म्हणजे दंडाची पाटी लावून थांबणे. इंग्लंड आणि वेल्समध्ये यासाठी १९९६ साली स्वतंत्र कायदा झाला. आता तेथील स्थानिक परिषदा २०१४च्या कायद्याखाली आदेश काढतात आणि विष्ठा न उचलणाऱ्या मालकाला १०० पौंडांपर्यंत दंड करतात. प्रकरण न्यायालयात गेले तर हा दंड १,००० पौंडांपर्यंत जाऊ शकतो. एवढी तरतूद असूनही पाहणारा कोणी नसेल तर तेथेही कारवाई अडते. त्यामुळे अनेक परिषदा रहिवाशांकडून वार आणि वेळ विचारून घेतात व त्यानुसार गस्त ठेवतात. काही ठिकाणी विष्ठेभोवती भडक रंग फवारला जातो, जेणेकरून कोणत्या रस्त्यावर प्रश्न किती मोठा आहे हे दिसावे आणि आपली घाण लोकांच्या ध्यानात आली आहे हे मालकालाही कळावे. नागपूर महापालिकेकडे माजी सैनिकांचा समावेश असलेले उपद्रव शोध पथक आहे. या बाबतीत त्याचा उपयोग व्हायचा असेल तर ते पहाटे आणि रात्रीच्या जेवणानंतर, म्हणजे कुत्री फिरायला निघतात त्या वेळी, रस्त्यावर असले पाहिजे.

याच्या उलट चूक पॅरिसने केली. तेथे १९८०च्या दशकात विष्ठा शोषून घेणाऱ्या मोटारसायकली रस्त्यावर आणल्या गेल्या. हा उपाय महागडा ठरला, आणि २००४ साली ही सेवा बंद करून मालकांना दंड करण्यावर भर द्यावा लागला. घाण उचलणे हे पालिकेचेच काम आहे, अशी समजूत एकदा रुजली की ती निघता निघत नाही. आपल्याकडे हा भार झाडू मारणाऱ्या ऐवजदारांवर, म्हणजे बदली सफाई कामगारांवर पडतो. दुसऱ्याच्या लाडक्या कुत्र्याची विष्ठा त्यांनी उचलावी अशी अपेक्षा ठेवणे मला अन्यायाचे वाटते.

सगळा दोष मोकाट कुत्र्यांवर ढकलणे हीसुद्धा चूकच आहे, कारण दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. पाळीव कुत्र्याला मालक असतो, तेव्हा तेथे दंड आणि नोंदणी उपयोगी पडते. मोकाट कुत्र्यांच्या बाबतीत प्रश्न नसबंदीचा, उघड्या कचऱ्याचा आणि अन्न कुठे टाकले जाते याचा असतो. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ नुसार भटक्या कुत्र्यांना खाऊ घालण्याची जागा मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून, जिन्यापासून आणि इमारतीच्या प्रवेशद्वारापासून दूर ठरवायची असते. ही जागा नीट ठरली तर घाणही एका ठिकाणी आटोक्यात ठेवणे सोपे जाते. नुसती कुत्री पकडून दुसऱ्या वस्तीत सोडणे नियमात बसत नाही, आणि त्याने घाण फक्त शेजारच्या वस्तीत जाते.

सर्वांत घातक समज मात्र वेगळाच आहे: उन्हात वाळून जाईल, किंवा शेणासारखे खत होईल. गाय-म्हशी चारा खातात. कुत्र्याच्या विष्ठेत मात्र माणसालाही बाधू शकणाऱ्या गोलकृमी आणि अंकुशकृमी या जंतांची अंडी असू शकतात. गोलकृमीची अंडी ताज्या विष्ठेत लगेच संसर्गकारक नसतात, त्यांना साधारण दोन ते चार आठवडे लागतात. पण त्यानंतर ती मातीत महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षे टिकतात. मातीत खेळून तोंडात हात घालणाऱ्या लहान मुलांना त्यांचा धोका अधिक असतो आणि क्वचित डोळ्यालाही इजा होते. मे महिन्यात नागपूरचे ऊन रस्त्यावरची विष्ठा वाळवते खरे, पण झाडाखालच्या ओलसर सावलीत ते संरक्षण मिळत नाही. त्याच दिवशी उचलणे एवढ्यासाठीच महत्त्वाचे आहे. कुत्र्याला पशुवैद्यकाच्या सल्ल्याने वेळोवेळी जंताचे औषध देणेही तितकेच आवश्यक आहे.

उचलल्यानंतरही चुका होतात. पाइप लावून घाण नालीत लोटली की ती पावसाळी गटारांमधून नाग नदीत आणि तिथून कन्हानकडे जाते. ओल्या कचऱ्यात टाकली तर ती खतात मिसळते, आणि घरच्या खतपेटीत कृमींची अंडी मरतील एवढी उष्णता टिकेलच असे नाही. पिशवीत बांधून झाडाला अडकवणे तर न उचलण्यापेक्षा वाईट, कारण प्लॅस्टिकमुळे ती तशीच राहते. वर्तमानपत्राच्या कागदात उचलून आतली विष्ठा शौचालयात टाकावी आणि वर पाणी ओतावे. ते शक्य नसेल तर ती नीट गुंडाळून, डायपरसारख्या कचऱ्याप्रमाणे वेगळी ठेवून घंटागाडीत द्यावी.

तक्रार करताना “आमच्या भागात फार घाण असते” एवढेच लिहू नये. शहरात दहा झोन आहेत. तक्रारीत आपला झोन, रस्ता, जवळची खूण, वार आणि वेळ लिहावी, आणि घाण पाळीव कुत्र्याची आहे की मोकाट, हेही सांगावे, म्हणजे ती घनकचरा व्यवस्थापन विभाग आणि पशुवैद्यकीय विभाग यांच्यात फिरत राहत नाही. शेजाऱ्याचे छायाचित्र समाजमाध्यमावर टाकण्यापेक्षा ते तक्रारीसोबत जोडावे.

गृहनिर्माण संस्थांनी कुत्री पाळण्यावरच बंदी घालण्याचा मार्ग धरू नये. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशी बंदी घालता येत नाही. मालकांनी आपल्या प्राण्याची घाण स्वच्छ करावी, असे मात्र त्याच सूचना सांगतात. त्यामुळे सभेत ठराव करताना कागद आणि झाकणाचा डबा कुठे ठेवायचा, आणि तो रोज कोण रिकामा करणार, हे कामाच्या वाटपासह लिहून घ्यावे.