गाडीतील टॉर्चसाठी सुरक्षित रिचार्जेबल सेल कसे निवडावेत

गाडीत ठेवलेली टॉर्च महिनोन्‌महिने हातात घेतली जात नाही, आणि टायर बदलताना किंवा अंधारात बॉनेट उघडावे लागल्यावर मात्र ती लगेच लागली पाहिजे. तिच्यासाठी सेल घेताना बहुतेक जण क्षमतेचा आकडा पाहतात. माझ्या मते आधी उष्णतेचा विचार करावा. काचा बंद करून उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या आतील तापमान बाहेरच्यापेक्षा 20 अंशांहूनही अधिक वाढू शकते, आणि थेट ऊन पडणारा डॅशबोर्ड 70 अंश सेल्सियसच्या पुढे जाऊ शकतो.

नेहमीच्या लिथियम-आयन सेलसाठी, उदाहरणार्थ 18650 या लोकप्रिय आकाराच्या सेलसाठी, साठवणुकीच्या तापमानाची वरची मर्यादा साधारण 45 ते 60 अंश असते, आणि 60 अंशांची मुभा असली तरी ती थोड्या काळापुरतीच असते. असा सेल 4.2 व्होल्टपर्यंत पूर्ण चार्ज करून उष्णतेत ठेवणे ही त्याच्यासाठी सर्वांत वाईट स्थिती होय, कारण आतील द्रव विघटित होऊ लागतो, वायू तयार होतो आणि क्षमता कायमची घटते. चांगल्या प्रतीचा, धडधाकट सेल तेवढ्या उन्हाने पेट घेत नाही. परंतु आत दोष असलेल्या, आपटलेल्या किंवा बनावट सेलमध्ये अंतर्गत शॉर्टसर्किट झाले, तर निर्माण होणारी उष्णता पुढील अभिक्रियांना वेग देते आणि मग ती साखळी थांबवता येत नाही. हा धोका वर्षभर बंद गाडीत बाळगण्याचे कारण मला दिसत नाही.

म्हणून एए आकाराच्या, म्हणजे पेन्सिल सेलवर चालणाऱ्या टॉर्चमध्ये निकेल-मेटल हायड्राइड सेल वापरावेत, असे मी आग्रहाने सुचवतो. त्यांतील द्रव पाण्यावर आधारित असल्यामुळे तो पेट घेत नाही. मात्र जुन्या पद्धतीचे निकेल सेल पडून पडून लवकर उतरतात, त्यामुळे वेष्टनावर कमी स्वयं-विसर्जनाचा, म्हणजे पडून राहिल्यास हळू उतरण्याचा, किंवा आधीच चार्ज केलेला असल्याचा उल्लेख पाहूनच खरेदी करावी. 2005 मध्ये आलेल्या एनेलूप या नावाच्या सेलमुळे हा प्रकार सर्वत्र रूढ झाला. येथे 2500 एमएएचच्या (मिलिअँपिअर-तास, सेलच्या क्षमतेचे माप) मोहात न पडता 1900 ते 2000 एमएएचचे सेल घ्यावेत, कारण अधिक क्षमतेचे सेल सहसा लवकर उतरतात आणि कमी वेळा चार्ज होऊ शकतात. उष्णतेत हेही सेल जलद उतरतात, त्यामुळे दर दोन-तीन महिन्यांनी घरी आणून चार्ज करावेत. टॉर्चमध्ये एकाहून अधिक सेल असल्यास ते एकाच जातीचे, एकाच वेळी घेतलेले आणि एकत्रच चार्ज केलेले असावेत. अन्यथा सर्वांत कमकुवत सेल आधी रिकामा होतो, इतर सेल त्यातून उलट दिशेने प्रवाह ढकलतात आणि तो खराब होतो.

आकार सारखा दिसला म्हणजे सेल चालेलच, असे समजू नये. 14500 हा लिथियम-आयन सेल एए एवढाच दिसतो, पण त्याचा दाब सुमारे 3.7 व्होल्ट असतो, 1.5 व्होल्टसाठी बनवलेली टॉर्च त्याने जळू शकते, आणि निकेल सेलच्या चार्जरमध्ये तो लावणे तर थेट धोकादायक आहे. 1.5 व्होल्टचे म्हणून मिळणारे यूएसबी चार्जिंगचे एए सेलही आतून लिथियम-आयनच असतात, म्हणून त्यांना उष्णतेच्या त्याच मर्यादा लागू होतात.

तुमची टॉर्च केवळ लिथियम-आयनवर चालत असेल, तर ती गाडीतून उतरताना सोबत नेणे उत्तम. सेल नामांकित कंपनीचाच, संरक्षक सर्किट असलेला घ्यावा. हे सर्किट सेलची लांबी काही मिलिमीटरने वाढवते, म्हणून तो टॉर्चमध्ये मावतो की नाही हे आधी तपासावे. 18650 वर 9900 एमएएच छापलेले दिसल्यास तो बनावट समजावा, कारण या आकाराच्या चांगल्या सेलची क्षमता साधारण 3500 एमएएचच्या आसपास असते. प्लास्टिकचे आवरण फाटलेला सेल वापरू नये, कारण आवरणाखालील संपूर्ण डबी ऋण टोक असते आणि धन टोक तिच्या अगदी जवळ असते, त्यामुळे सहज शॉर्टसर्किट होऊ शकते.

टॉर्च कोणतीही असो, ती डॅशबोर्डवर न ठेवता सीटखाली, सावलीत ठेवावी. बटण इलेक्ट्रॉनिक असल्यास मागचे झाकण थोडे सैल करून ठेवावे. बहुतेक टॉर्चमध्ये त्यामुळे वीजमार्ग तुटतो आणि टॉर्च चुकून पेटत नाही. जादा सेल नाणी-किल्ल्यांपासून दूर, प्लास्टिकच्या झाकणबंद डबीत ठेवावेत. फुगलेला, गळलेला किंवा चार्ज होताना असामान्य तापणारा सेल पुन्हा चार्ज न करता बॅटरी संकलन केंद्रात द्यावा.