संशोधनात मूल्ये कुठे दडतात आणि ती कशी हुडकावीत

सामाजिक शास्त्रांतला शोधनिबंध वाचताना ‘हा मूल्यनिरपेक्ष, म्हणजे लेखकाच्या बऱ्या-वाईटाच्या कल्पनांपासून मुक्त, आहे का?’ असे विचारून फारसे काही हाती लागत नाही. मूल्य कोणत्या टप्प्यावर आले आणि तिथे ते काय काम करते, हे शोधा.

सुरुवात शेवटाकडून करा. निष्कर्षातल्या ‘हवे’, ‘करावे’, ‘गरजेचे’ अशा शब्दांखाली रेघ ओढा आणि प्रत्येकाचा आधार मागे शोधत जा. आधार सगळे ‘आहे’चे आणि निष्कर्ष तेवढा ‘असावे’चा, ही उडी तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने १७४० मध्येच दाखवून दिली होती. समजा, ‘पाळणाघरात जाणाऱ्या मुलांचा शब्दसाठा जास्त असतो, म्हणून पाळणाघर सक्तीचे करावे’ असे लिहिले आहे. मधले गाळलेले विधान समासात पूर्ण वाक्यात लिहून काढा: ‘मुलांचा शब्दसाठा वाढणे पालकांच्या निवडीपेक्षा मोलाचे आहे.’ आता वाद नेमका कशावर घालायचा ते कळते.

विषयाच्या निवडीवर वेळ घालवू नका. काय अभ्यासावे हे मूल्यांवरूनच ठरते, हे समाजशास्त्रज्ञ माक्स वेबरने १९०४ मध्ये मान्य केले होते. तेवढ्याने निष्कर्ष डागाळत नाही.

खरी मेख व्याख्येत आणि मोजमापात असते. ‘गरिबी’, ‘विकास’, ‘शोषण’ हे शब्द वर्णनही करतात आणि बरे-वाईटही ठरवतात. म्हणून निबंधातली मोजण्याची रीत उघडून आकडे स्वतः घालून पाहा. देशांची प्रगती मोजणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या मानव विकास निर्देशांकात आरोग्य, शिक्षण आणि उत्पन्न यांना समान वजन आहे. ‘अ’ देशाचे तीन उपनिर्देशांक ०.९, ०.९, ०.३ आणि ‘ब’ देशाचे तिन्ही ०.६५ धरा. साधी सरासरी काढली तर ‘अ’ ०.७० वर, म्हणजे पुढे. तिन्हींचा गुणाकार करून घनमूळ घेतले तर ‘अ’ सुमारे ०.६२ वर घसरतो आणि ‘ब’ पुढे जातो. २०१० पासून ही दुसरी रीत वापरतात. एका अंगातली उणीव दुसऱ्या अंगाने किती भरून निघावी, हा नैतिक प्रश्न इथे सूत्रात बसला आहे. सूत्र बदलल्यावर क्रम उलटत असेल तर दोन्ही निकाल छापा आणि निवडीचे कारण द्या. ‘प्रचलित पद्धत’ हे कारण नव्हे.

पुढे पुराव्याचा उंबरठा. तत्त्वज्ञ रिचर्ड रडनरने १९५३ मध्ये मांडलेला मुद्दा असा: गृहीतक स्वीकारायला किती पुरावा पुरे, हे चूक झाल्यास काय बिघडेल यावर अवलंबून असते. कागदावर दोन रकाने करा: ‘खोटे असून स्वीकारले तर’ आणि ‘खरे असून नाकारले तर’, प्रत्येकात झळ कोणाला बसेल ते लिहा. ५ टक्क्यांची पातळी (परिणाम नसताना तो आहे असे मानण्याची चूक शंभरात पाच वेळा चालेल, ही मर्यादा) सवयीने घेऊ नका आणि आकडे पाहिल्यावर तर ती मुळीच ठरवू नका. तिथे हवा तो निकाल मिळवण्याचा मोह आवरत नाही. किती पुरावा हवा हे मूल्य ठरवू शकते, पुरावा काय सांगतो हे नाही. पडताळा सोपा आहे: एवढ्याच ताकदीचा पुरावा उलट्या बाजूने आला असता तर लेखकाने तो मानला असता का?

सामाजिक संकेत, म्हणजे समाजातला अलिखित नियम, हाच अभ्यासविषय असेल तर वेगळी खबरदारी लागते. ‘असा संकेत आहे’ हे तथ्यविधान आहे, त्यातून तो पाळावा असे निघत नाही. प्रश्नावलीत ‘तुम्हाला हे योग्य वाटते का?’ एवढेच विचारले तर हाती फक्त वैयक्तिक मत येते. तत्त्वज्ञ क्रिस्तिना बिक्येरी यांच्या २००६ च्या मांडणीनुसार आणखी दोन गोष्टी वेगळ्या विचाराव्या लागतात: इतर लोक प्रत्यक्षात काय करतात असे वाटते, आणि आपण काय करावे असे इतरांना वाटत असेल? शक्य असल्यास दुसऱ्यांच्या उत्तरांचा अंदाज बरोबर आल्यास छोटे बक्षीस ठेवा, म्हणजे दिखाऊ उत्तरे कमी होतात. मग कल्पित प्रसंगात या अपेक्षा बदलून पाहा. त्या बदलल्या तरी वागणूक तीच राहिली, तर तो बहुधा संकेत नाही. सवय, सोय किंवा स्वतःची नीतिधारणा आहे, आणि ‘बहुतेक लोक आता असे करत नाहीत’ हे सांगून तिच्यात फरक पडायचा नाही.