घटस्फोटाचा कागद: कुठल्या काउंटीत शोधायचा, कुणाकडे मागायचा

पुण्या-नाशिकहून येणारा फोन बहुतेक वेळा असा असतो: "स्थळ चांगलं आहे, मुलगा सनीव्हेलला असतो. पहिलं लग्न मोडलं म्हणतो. खरंच मोडलंय का, हे तिकडे कुठे बघता येतं का गं?" येतं. त्याला ना वकील लागतो, ना कुणाची ओळख. दुसरा प्रश्न इथेच राहणाऱ्यांचा असतो. घटस्फोट अमेरिकेत झाला, आता ग्रीन कार्डासाठी किंवा दुसऱ्या लग्नासाठी कागद हवाय, तो कुठे मिळतो? दोन्ही प्रश्न शेवटी एकाच खिडकीपाशी जातात, म्हणून एकत्रच लिहिते. मी कॅलिफोर्नियात, बे एरियात, म्हणजे सान फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या भागात राहते. त्यामुळे इथली पद्धत सविस्तर आणि बाकीच्या राज्यांचं थोडक्यात.

आधी एक लक्षात घ्या. लग्न कुठे झालं याचा इथे काही संबंध नाही. फाइल असते ती दावा जिथे दाखल झाला तिथे. लग्न सांगलीच्या मंगल कार्यालयात लागलेलं असो की लास वेगसला, कॅलिफोर्नियात घटस्फोटाचा दावा लावायचा तर दोघांपैकी एकाने राज्यात सहा महिने आणि त्या काउंटीत, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या विभागात, तीन महिने राहिलेलं असावं लागतं. म्हणून विचारायचं ते हे, की त्या वर्षी दोघांपैकी कोण कुठल्या गावात राहत होतं. नवीन माणूस फसतो तो काउंटीच्या हद्दींवर. सनीव्हेल, क्युपर्टिनो, माउंटन व्ह्यू, मिल्पिटास ही सगळी सांता क्लारा काउंटी. पण मिल्पिटासला खेटून असलेलं फ्रीमाँट अल्मेडा काउंटीत जातं, आणि पालो अल्टो ओलांडून मेन्लो पार्कात शिरलात की सान मटेओ काउंटी सुरू होते. नुसतं "बे एरियात झाला" एवढंच कळलं असेल तर तीन कोर्टं धुंडाळायची तयारी ठेवा. वेगळं राहायला लागल्यावर एकाने डॅलसला नोकरी धरली असेल तर टेक्सासही त्यात आलं.

कॅलिफोर्नियात हे काम प्रत्येक काउंटीच्या सुपिरियर कोर्टाकडे असतं. सांता क्लारा काउंटीचं कौटुंबिक न्यायालय सान होजेच्या मध्यवस्तीत, नॉर्थ फर्स्ट स्ट्रीटवरच्या फॅमिली जस्टिस सेंटरमध्ये आहे. निघण्यापूर्वी घरबसल्या करायचं काम म्हणजे त्या कोर्टाच्या संकेतस्थळावर नावाने शोध घेऊन केस नंबर काढणं. संकेतस्थळावर केसची नोंद आणि तारखा दिसतात, आतले कागद दिसत नाहीत. राज्याच्या न्यायालयीन नियमांनुसार कौटुंबिक फाइलमधले कागद तिऱ्हाइताला घरून इंटरनेटवर उघडता येत नाहीत; ते कोर्टाच्या इमारतीत जाऊनच बघावे लागतात. तेवढी आडकाठी मला योग्यच वाटते.

शोधताना खरी पंचाईत होते ती आपल्या नावांची. कुलकर्णी, जोशी, पाटील यांची इंग्रजी स्पेलिंगं घराघरांत वेगळी असतात. वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधल्या रकान्यात असतं, कधी तेच चुकून आडनावाच्या रकान्यात चढतं. लग्नात मुलीचं पहिलं नावही बदललेलं असतं, पासपोर्टावर एक आणि हाक मारायला दुसरं. ज्यांच्या पासपोर्टावर आडनावाचा रकाना कोराच होता, त्यांच्या व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी "एफएनयू" छापून येतं, म्हणजे पहिलं नाव अज्ञात. असा माणूस कोर्टाच्या यादीत त्याच अक्षरांखाली सापडू शकतो! म्हणून दोघांच्याही नावाने शोधा आणि स्पेलिंगं आलटूनपालटून बघा. जे आडनाव कमी आढळतं त्याच्यापासून सुरुवात करा. जोशी घालून बसलात तर संध्याकाळ होईल.

नोंद सापडली म्हणजे घटस्फोट झाला असं नाही, आणि स्थळ बघणाऱ्यांची नेमकी इथेच गल्लत होते. दावा दाखल झाल्याची नोंद वेगळी, निकाल लागल्याची वेगळी. मध्येच सोडून दिलेले, काढून टाकलेले दावे पुष्कळ असतात. शिवाय तो दावा घटस्फोटाचा आहे, नुसता कायदेशीर विभक्त राहण्याचा, की लग्न रद्दबातल ठरवण्याचा, हेही बघायचं. विभक्त राहण्याचा निकाल मिळालेला माणूस कायद्याने अजून विवाहितच असतो. तुम्हाला हवा असतो तो जजमेंटचा, म्हणजे निकालाचा कागद, फॉर्म एफएल-१८०. त्यावर वैवाहिक संबंध कोणत्या तारखेला संपतो याचा वेगळा रकाना आहे. समोरच्या पक्षाला दाव्याचे कागद बजावल्यापासून किंवा तो कोर्टात हजर झाल्यापासून किमान सहा महिने गेल्याशिवाय ही तारीख येऊच शकत नाही. निकालावर शिक्का आधी पडलेला असला तरी रकान्यातली तारीख पुढची असू शकते, आणि तोवर दुसरं लग्न करता येत नाही. कधीकधी नुसता संबंध संपवून दिलेला असतो आणि घर, निवृत्तिवेतन, मुलांचा खर्च यांचा वाद मागे चालू राहतो. तसं असेल तर स्थळाच्या दृष्टीने तीही माहितीच.

कागद मागताना "घटस्फोटाचे पेपर द्या" असं मोघम बोलू नका. दोघांची पूर्ण नावं, केस नंबर, साधारण वर्ष, आणि नेमका कागद कोणता, एवढं लिहून द्या. का हवाय, तुमचं नातं काय, असं काउंटरवर विचारत नाहीत. फाइल सार्वजनिक असते. साध्या प्रतीला पानामागे ५० सेंट पडतात. घटस्फोटाच्या कागदाची सर्टिफाइड कॉपी, म्हणजे कोर्टाचा शिक्का आणि सही असलेली प्रत, हवी तर त्यावर आणखी १५ डॉलर. केस नंबर नसेल आणि शोधायला कारकुनाला दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागला, तर शोधाचे १५ डॉलर वेगळे. जाण्यापूर्वी त्या कोर्टाचं दरपत्रक बघून घ्या, कारण दर बदलतात. जुन्या फाइली गोदामात किंवा मायक्रोफिल्मवर असतात, त्या मागवायला दिवस जातात.

टपालानेही मागता येतं. विनंतीसोबत स्वतःचा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट घाला. किती पानं निघतील ते आधी माहीत नसतं, म्हणून चेकवर रक्कम न लिहिता "अमुक डॉलरपेक्षा जास्त नाही" असं लिहून पाठवायची इथे बऱ्याच कोर्टांत रीत आहे. भारतातून आलेल्या माणसाला रकमेची जागा कोरी ठेवून चेक द्यायचा म्हटलं की घाम फुटतो, पण कमाल मर्यादा लिहिलेली असली की घाबरण्यासारखं काही नाही.

सर्टिफाइड कॉपी एकाऐवजी दोन-तीन काढा. ग्रीन कार्डासाठी नवरा किंवा बायकोचा अर्ज भरताना दोघांचीही आधीची सगळी लग्नं कायदेशीररीत्या संपल्याचा पुरावा जोडावा लागतो. काउंटीत लग्नाचा परवाना काढायला जाल तिथे आधीचं लग्न कधी संपलं ते विचारतात. सोशल सिक्युरिटीच्या कार्डावर माहेरचं नाव परत लावायचं तर निकालात तसा उल्लेख असावा लागतो. तो करून घ्यायचा राहिला असेल तर नवा दावा लावायची गरज नाही, एफएल-३९५ हा फॉर्म भरून त्याच कोर्टाकडून नंतरही करून घेता येतं. निकाल नोंदवल्याची टपालाने आलेली नोटीस, एफएल-१९०, घरात असते आणि लोक तीच सगळीकडे दाखवत फिरतात. ती नुसती सूचना आहे, निकाल नव्हे.

इंटरनेटवर शोधलं की सगळ्यात वर येतात त्या पैसे घेऊन "सार्वजनिक नोंदी" दाखवणाऱ्या कंपन्या. महिन्याची वर्गणी गळ्यात पडते आणि हातात पडतं ते नाव आणि वर्ष, तेही कधी दुसऱ्याच कुणाचं. त्यांनी दिलेला कागद कुठल्याही कचेरीत चालत नाही. राज्याच्या आरोग्य खात्याकडे अर्ज करण्यातही फारसा अर्थ नाही. कॅलिफोर्नियात त्यांच्याकडे फक्त १९६२ ते जून १९८४ पर्यंतच्या घटस्फोटांच्या नोंदी आहेत. मिळतो तोही दाखला, निकालाची प्रत नाही, आणि वाट बघावी लागते ती महिनोन्‌महिने.

हा कागद भारतात वापरायचा असेल तर आणखी एक पायरी आहे. सर्टिफाइड कॉपीवर राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडून अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून त्यावरची सही-शिक्का खरा असल्याचं सरकारी प्रमाणपत्र, करून घ्या. कॅलिफोर्नियात त्याचे २० डॉलर होतात. भारत आणि अमेरिका दोघेही अपोस्टिलच्या करारात आहेत. पण शिक्का मिळाला म्हणजे निकाल भारतात आपोआप लागू झाला असं समजू नका. नरसिंह राव विरुद्ध व्यंकट लक्ष्मी या १९९१च्या खटल्यात नवऱ्याने मिसुरीतल्या सेंट लुइस काउंटीच्या कोर्टातून घटस्फोट आणला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो मानला नाही, आणि परदेशी निकालाची नुसती फोटोकॉपी चालणार नाही, ती प्रमाणित केलेली हवी, हेही सांगितलं. दुसऱ्या पक्षाने संमती दिली असेल, किंवा आपणहून कोर्टात येऊन दावा लढवला असेल, तर गोष्ट वेगळी. म्हणून हिंदू विवाह कायद्याखाली लग्न झालेल्यांनी फाइल बघताना समोरच्याने उत्तर दाखल केलं होतं का, की निकाल एकतर्फी आहे, हे जरूर बघावं. एकतर्फी असेल तर पुढचं पाऊल टाकण्यापूर्वी भारतातल्या वकिलाला विचारा.

राज्य बदललं की नियम बदलतात. टेक्सासमध्ये फाइल काउंटीच्या डिस्ट्रिक्ट क्लार्ककडे असते. राज्याचं खातं फक्त पडताळणीचं पत्र देतं, ते निकालाच्या जागी चालत नाही. न्यू जर्सीत एडिसनचे दावे न्यू ब्रन्सविकला चालतात, पण मिटलेल्या जुन्या केसेससाठी ट्रेंटनच्या नोंदणी केंद्राकडे वळावं लागतं. न्यूयॉर्कचं सगळंच वेगळं. तिथे घटस्फोटाची फाइल फक्त दोन्ही पक्षांना आणि त्यांच्या वकिलांना बघायला मिळते, बाकीच्यांना कोर्टाचा हुकूम लागतो. क्वीन्समधल्या स्थळाची चौकशी करायची असेल तर त्यालाच सर्टिफाइड कॉपी दाखवायला सांगा. खरं तर कुठल्याही राज्यात आधी हेच करावं. सरळ माणूस कागद दाखवायला खळखळ करत नाही.

आता दुसरी बाजू. जशी दुसऱ्याची फाइल तुम्हाला उघडता येते, तशी तुमची दुसऱ्याला. कॅलिफोर्नियाने २००४मध्ये घटस्फोटाच्या फाइलमधला मालमत्तेचा तपशील झाकून ठेवता येईल असा कायदा केला होता. एका अब्जाधीशाच्या खटल्यात २००६मध्ये अपील न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला. त्यामुळे कोर्टात काय दाखल करायचं याचा विचार आधीच करा. मालमत्तेची पहिली यादी एकमेकांना द्यायची असते, कोर्टात भरायची नसते. उत्पन्न-खर्चाचा फॉर्म मात्र फाइलमध्ये जातो. सोशल सिक्युरिटी आणि बँक खात्याचे आकडे खोडून मगच कागद द्या. प्रतिज्ञापत्रात रागाच्या भरात सासूबद्दल चार पानं लिहाल, तर ती उद्या इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या कुणीही ५० सेंटला पान या भावाने विकत घेऊ शकतं.

घरात मारहाण झाली असेल आणि नवा पत्ता फाइलमध्ये उघड होण्याची भीती असेल, तर दावा लावण्यापूर्वीच कॅलिफोर्नियाच्या "सेफ अॅट होम" या सरकारी योजनेची चौकशी करा. तिथे वापरायला पर्यायी पत्ता मिळतो. फॉर्म भरायला प्रत्येक काउंटीच्या कोर्टात सेल्फ-हेल्प सेंटर असतं, ते फुकट आहे, आणि तुमचा व्हिसा कुठला याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसतं.