नियमित तपासणीत मुलांमधील गोचीडजन्य आजार कसे ओळखावेत

खानदेशात, विशेषतः सातपुड्याच्या परिसरात यावल, चोपडा, शिरपूर, धडगाव या भागांत, गुरे, शेळ्या आणि कुत्री मुलांच्या रोजच्या सहवासात असतात. गोचीड चावल्याचे सहसा दुखत नाही, म्हणून मूल आपणहून काही सांगत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीतील मुलांना वर्षातून दोनदा व शाळेतील मुलांना एकदा तपासते. वजन-उंचीबरोबरच गोचीडजन्य आजारांची, मुख्यतः गोचिडीच्या चाव्यातून होणाऱ्या भारतीय टिक टायफस या तापाची, चौकशीही तेव्हाच उरकता येते.

प्रथम विचारावे: गेल्या दोन आठवड्यांत मूल गोठ्यात, चराईला किंवा रानात गेले होते का, अंगावर गोचीड सापडली होती का, ताप आला होता का?

मग उजेडात अंग पाहावे. केसांच्या मुळाशी, कानामागे, काखेत, कमरेच्या नाडीखाली, जांघेत आणि गुडघ्यामागे बोटे फिरवून पाहावे, कारण तिळाएवढी लहान गोचीड नजरेतून सुटते, पण बोटाला लागते. कडेने लालसर असलेली, न दुखणारी काळी खपली दिसल्यास डॉक्टरांना दाखवावी. मात्र खपली नाही म्हणून आजार नाही, असे समजू नये.

चिकटलेली गोचीड चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ, सावकाश ओढावी. रॉकेल, चटका किंवा तंबाखू वापरू नये, नखाने चिरडू नये. जागा साबणाने धुवावी आणि तारीख लिहून ठेवावी.

मूल ठणठणीत असेल तर रक्ततपासणी करू नये. त्यातून काही निष्पन्न होत नाही आणि लेकराला उगीच सुई टोचली जाते. त्याऐवजी १४ दिवस तापावर लक्ष ठेवावे.

या काळात ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठून गोचिडीचा उल्लेख आवर्जून करावा. तापाबरोबर पुरळही उठू शकते. गोवराचे पुरळ चेहऱ्यावर, कानामागे सुरू होऊन खाली उतरते. भारतीय टिक टायफसचे पुरळ बहुधा मनगट आणि घोट्यांपासून सुरू होते व तळहात-तळपायांवरही उमटते. सावळ्या त्वचेवर ते फिके दिसते, म्हणून तळवे जरूर पाहावेत. पहिल्या आठवड्यात रक्तातील प्रतिपिंडांची (जंतूंविरुद्ध शरीर तयार करते त्या घटकांची) चाचणी अनेकदा नकारात्मक येते, त्यामुळे संशय बळकट असल्यास डॉक्टर अहवालाची वाट न पाहता डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक सुरू करतात. आठ वर्षांखालील मुलांनाही हे औषध थोड्या दिवसांसाठी देता येते. दात पिवळे पडतील या धास्तीने पालकांनी ते नाकारू नये, कारण उपचाराला उशीर झाल्यास हा ताप जिवावर बेतू शकतो.