अमेरिकेत घर घेतलंत? भिंतीला हात लावण्याआधी टाउनशिपला विचारा

क्लोजिंग, म्हणजे घराचा व्यवहार पूर्ण, होऊन किल्ल्या हातात आल्या की महिन्याभरात कामांची यादी तयार होते. बेसमेंट फिनिश करायचं, मागे डेक, म्हणजे लाकडी ओटा, घालायचा, मुलांसाठी कुंपण हवं, जुना वॉटर हीटर कधीही दगा देईल म्हणून तोही बदलायचा. मग काम मिळवायला आलेला एखादा कॉन्ट्रॅक्टर सांगतो, "परमिटच्या भानगडीत कशाला पडता? आतलं काम आहे, कोणाला कळणार?" नव्याने आलेल्या सगळ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की या बोलण्यावर जाऊ नका. आज नाही तर घर विकताना कळतंच. तेव्हा निस्तरायला तुम्ही असता, तो कॉन्ट्रॅक्टर नसतो.

बऱ्याच जणांच्या मनात आणखी एक धास्ती असते. व्हिसावर आहोत, ग्रीन कार्ड अडकलंय, कशाला सरकारी दप्तरात नाव घालायचं? परमिटचा आणि तुमच्या इमिग्रेशनचा काहीएक संबंध नाही. बिल्डिंग डिपार्टमेंटला घर कोणाच्या नावावर आहे आणि त्यात काय काम होणार आहे, एवढंच हवं असतं. खिडकीवर जाऊन बिनधास्त विचारा. तिथली माणसं बहुतेक वेळा नीट समजावून सांगतात, कारण अर्धवट अर्ज परत पाठवण्यापेक्षा त्यांनाही ते सोपं पडतं.

आता नियम कुठून येतात ते बघू. अख्ख्या देशाला लागू असा बांधकामाचा एकच कायदा इथे नाही. इंटरनॅशनल रेसिडेन्शियल कोड नावाची एक नमुना संहिता आहे, तिची नवी आवृत्ती दर तीन वर्षांनी निघते. राज्यं ती आपापले फेरफार करून स्वीकारतात, कोणी ताजी घेतं, कोणी जुन्याच आवृत्तीवर चालतं. त्यावर पुन्हा काउंटीचे (म्हणजे जिल्ह्याचे), शहराचे किंवा टाउनशिपचे (म्हणजे गावच्या पालिकेचे) झोनिंगचे, म्हणजे कुठे काय बांधता येईल याचे, नियम. म्हणून मित्राच्या अनुभवावर विसंबू नका, तो दुसऱ्या राज्यात असेल तर मुळीच नाही. न्यू जर्सीत एक किंवा दोन कुटुंबांच्या स्वतंत्र घरावर छपराचे नवे शिंगल्स घालायला 2018 पासून परमिट लागत नाही, पण इतर बऱ्याच ठिकाणी लागतं. टेक्सासमध्ये जनरल कॉन्ट्रॅक्टरला राज्याचा परवानाच नसतो, इलेक्ट्रिशियन आणि प्लंबरला मात्र असतो. कॅलिफोर्नियात हजार डॉलर किंवा त्याहून मोठ्या कामाला परवानाधारक कॉन्ट्रॅक्टरच लागतो. आपल्या गावाच्या वेबसाइटवर "बिल्डिंग", "कन्स्ट्रक्शन" किंवा "कोड एन्फोर्समेंट" अशा नावाचं पान असतं. पहिली चौकशी तिथे.

कशाला परमिट लागत नाही ते पटकन सांगते. रंग, वॉलपेपर, टाइल्स, कार्पेट, स्वयंपाकघरातली कपाटं आणि काउंटरटॉप बदलणं, अशा वरवरच्या कामांना नमुना संहितेनुसार परमिटची गरज नाही. मात्र कपाटं बदलताना सिंक दुसऱ्या भिंतीकडे नेलंत किंवा नवा आउटलेट काढलात, की प्लंबिंग आणि इलेक्ट्रिकल आलंच. वॉटर हीटर, फर्नेस (घर गरम ठेवणारी भट्टी) आणि इलेक्ट्रिक पॅनेल बदलायला जवळपास सगळीकडे परमिट लागतं. "जुनं काढून तिथेच नवं बसवलं" म्हणून सुटका होत नाही. गॅसवर चालणाऱ्या हीटरचा धूर नीट बाहेर गेला नाही तर कार्बन मोनॉक्साइड घरात साठतो आणि त्याला वासही नसतो. त्या जोडणीवर दुसऱ्या एखाद्या जाणकाराची नजर पडावी, यासाठीच तो नियम आहे.

आपल्या लोकांचं सगळ्यात आवडतं काम म्हणजे बेसमेंट. आई-बाबा सहा महिन्यांसाठी येणार, त्यांना खाली एक खोली आणि बाथरूम करून देऊ, असा विचार असतो. इथे मला थांबून बोलायचंय, कारण यात जिवाचा प्रश्न आहे. बेसमेंटमध्ये कोणी झोपणार असेल तर त्या खोलीतून थेट बाहेर पडता येईल अशी खिडकी किंवा दार लागतं. जिन्याखाली किंवा फर्नेसपाशी आग लागली तर वर येण्याची वाट बंद होते. सत्तरीतल्या माणसाला तेव्हा त्या खिडकीशिवाय दुसरा मार्ग नसतो, आणि फायर ब्रिगेडच्या माणसाला पाठीवरच्या टाकीसकट तिथूनच आत यायचं असतं.

नमुना संहितेत या खिडकीची मापं दिलेली आहेत. उघडल्यावर मोकळी जागा किमान 5.7 चौरस फूट (जमिनीलगतच्या किंवा जमिनीखालच्या खिडकीला 5), उंची किमान 24 इंच, रुंदी किमान 20 इंच, आणि खालची कड जमिनीपासून 44 इंचांच्या वर नको. इथे एक बारकावा आहे, तो हमखास निसटतो. 20 बाय 24 ची खिडकी घेतली तर क्षेत्रफळ साडेतीन चौरस फूटसुद्धा भरत नाही. म्हणजे दोन्ही किमान मापं पाळूनही खिडकी नापास होते. शिवाय हे माप काचेचं किंवा चौकटीचं नसतं, पल्ला पूर्ण उघडल्यावर जी जागा खरोखर मोकळी राहते तिचं असतं. खिडकी जमिनीखाली येत असेल तर बाहेर विहिरीसारखा खड्डा करावा लागतो, किमान 9 चौरस फुटांचा आणि दोन्ही दिशांना किमान 36 इंच. तो 44 इंचांहून खोल असेल तर त्यात शिडी बसवायची. पायाच्या काँक्रीटच्या भिंतीत एवढं भोक पाडायचं, ते पाण्यापासून राखायचं, म्हणजे खर्च आहेच. त्यामुळे बजेट ठरवताना आधी ही खिडकी धरा, टीव्ही आणि बार नंतर. खिडकी शक्य नसेल तर खाली खेळायची खोली करा, ऑफिस करा, पण बेड टाकू नका. नुसत्या ऑफिससाठी केलेल्या बेसमेंटलासुद्धा बाहेर पडायची एक तरी वाट लागते का, तेही अर्जाच्या वेळीच विचारून घ्या.

बेसमेंटच्या परमिटसाठी साधा नकाशा लागतो. खोल्या, मापं, छताची उंची (राहत्या जागेला साधारण 7 फूट लागते), दिवे, आउटलेट, स्मोक डिटेक्टर कुठे, हे त्यात दाखवायचं. आत काम काढलंत की अख्ख्या घरातले स्मोक डिटेक्टर आजच्या नियमाप्रमाणे करायला सांगतात. प्रत्येक बेडरूममध्ये, बेडरूमच्या बाहेर आणि प्रत्येक मजल्यावर. तेवढ्यावरून कुरकुरू नका, तो खर्च किरकोळ आहे.

मग तपासण्या. काम एकदा संपल्यावर इन्स्पेक्टर येऊन बघून जातो, अशी अनेकांची समजूत असते. तसं नाही. फ्रेमिंग, वायरिंग आणि पाइप बसल्यावर, पण ड्रायवॉल (भिंतीवर लावायचे जिप्समचे तक्ते) लावण्याआधी, एक "रफ" तपासणी असते आणि खरी महत्त्वाची तीच. आमच्याकडे आलेला इन्स्पेक्टर टॉर्च घेऊन एकेका स्टडपाशी, म्हणजे भिंतीतल्या उभ्या लाकडी पट्टीपाशी, वाकत होता. वायर नेण्यासाठी स्टडला पाडलेलं भोक कडेपासून सव्वा इंचाच्या आत असेल तर तिथे लोखंडी पट्टी ठोकावी लागते, नाहीतर उद्या ड्रायवॉलचा स्क्रू किंवा फ्रेम टांगायचा खिळा थेट वायरमध्ये घुसतो. त्याने दोन जागा पेन्सिलीने खुणावल्या, कॉन्ट्रॅक्टरने तिथल्या तिथे पट्ट्या ठोकल्या, आणि पुढे गेले. भिंत बंद झाल्यावर त्या दोन जागा कोणालाच दिसल्या नसत्या. तुमच्या घरात येणाऱ्या सगळ्यांत ज्याला या कामातून नफा नाही असा माणूस बहुधा तो एकटाच असतो. त्याच्याशी हुज्जत घालू नका, प्रश्न विचारा. आणि ही तपासणी व्हायच्या आधी कोणी ड्रायवॉल लावायला लागलं तर हात धरून थांबवा, कारण नंतर ती फोडून दाखवायला लावतात.

डेक आणि कुंपणाचं गणित वेगळं, तिथे हद्दीचा प्रश्न येतो. घराला न जोडलेला, जमिनीपासून 30 इंचांपेक्षा उंच नसलेला, 200 चौरस फुटांच्या आतला आणि घराच्या मुख्य दारापाशी नसलेला डेक नमुना संहितेत परमिटशिवाय चालतो. पण आपल्याला हवा असतो तो स्वयंपाकघराच्या दारातून थेट बाहेर पडणारा, म्हणजे घराला जोडलेला. त्याला परमिट लागतंच. घराला जोडणारी फळी नुसत्या खिळ्यांवर टांगलेली चालत नाही, ती बोल्ट किंवा तशाच मजबूत जोडणीने बसवावी लागते, कारण पार्टीला वीस माणसं डेकवर उभी राहिली की सगळा भार त्या जोडावर येतो. कठड्याच्या दोन दांड्यांमध्ये चार इंचांचा चेंडू जाता कामा नये. रांगत्या मुलाचं डोकं डोळ्यांसमोर आणा म्हणजे कारण समजेल. खांबांचे खड्डे खणल्यावर काँक्रीट ओतण्याआधी तपासणी असते. थंड प्रदेशात ते खड्डे जमीन गोठते त्या पातळीच्या खाली जावे लागतात.

कुंपणासाठी क्लोजिंगच्या कागदांमध्ये आलेला सर्व्हे शोधून काढा. आपली हद्द, सेटबॅक (हद्दीपासून मोकळं सोडायचं अंतर) आणि ईझमेंट त्यावर दिसतात. ईझमेंटवर, म्हणजे वीज किंवा पाण्याच्या कंपनीच्या हक्काच्या पट्ट्यावर, कुंपण घातलंत तर ते उद्या काढायला लावू शकतात. शेजाऱ्याने "घाला हो, माझी हरकत नाही" म्हटलं तरी हद्द हलत नाही. नियमात बसत नसेल तर व्हेरिअन्स, म्हणजे नियमातून सूट, मागता येतो, पण त्याला सुनावणी असते आणि शेजाऱ्यांना रीतसर नोटीस जाते. त्यात महिने जातात.

खणायच्या आधी 811 ला फोन करा. देशभर हाच नंबर आहे आणि सेवा फुकट आहे. काही दिवस आधी कळवायचं, मग माणसं येऊन जमिनीखालच्या लाइन कुठून जातात त्याच्या रंगाने खुणा करून जातात. लाल म्हणजे वीज, पिवळा गॅस, निळा पिण्याचं पाणी, हिरवा सांडपाणी, केशरी फोन आणि इंटरनेट. झाड लावण्यासाठी खड्डा खणणार असाल तरीही हा फोन करा. मात्र तुमच्या स्वतःच्या खासगी लाइन, म्हणजे स्प्रिंकलरचे पाइप किंवा शेडकडे नेलेली वायर, ते दाखवत नाहीत.

टाउनहाउस किंवा असोसिएशन असलेल्या वस्तीत घर असेल तर एचओएची, म्हणजे घरमालकांच्या त्या असोसिएशनची, परवानगी वेगळी आणि टाउनशिपचं परमिट वेगळं. एक मिळालं म्हणून दुसरं मिळालं असं होत नाही. आधी एचओएकडे जा, कारण कुंपणाचा रंग आणि डेकचा आकार तिथेच अडतो.

कॉन्ट्रॅक्टर निवडताना परवाना किंवा नोंदणी राज्याच्या वेबसाइटवर स्वतः तपासा आणि विम्याचं सर्टिफिकेट मागा. परमिट त्याने त्याच्या नावावर काढावं. "तुम्ही घरमालक म्हणून काढा, स्वस्त पडेल" असं तो म्हणाला तर तिथेच नमस्कार करा. त्याच्याकडे परवाना नसतो किंवा त्याला जबाबदारी नको असते, आणि ती सगळी तुमच्या अंगावर येते. खरोखर स्वतःच्या हाताने काम करणार असाल तर गोष्ट वेगळी. बऱ्याच राज्यांत राहत्या स्वतंत्र घराच्या मालकाला स्वतः काम करता येतं, पण परमिट काढून. आगाऊ रक्कम जास्त देऊ नका. कॅलिफोर्नियात तर कायद्यानेच 10 टक्के किंवा 1000 डॉलर, यांतलं जे कमी असेल तेवढीच घेता येते. प्रत्येक हप्ता देताना लीन वेव्हर, म्हणजे घरावर बोजा चढवणार नाही असा कागद, सही करून घ्या. तुम्ही कॉन्ट्रॅक्टरला पैसे दिले आणि त्याने लाकूडवाल्याला दिले नाहीत, तर लाकूडवाला तुमच्या घरावर बोजा चढवू शकतो.

घर 1978 च्या आधीचं असेल तर रंगात शिसं असण्याची शक्यता असते. अशा घरात पैसे घेऊन रंग खरवडणाऱ्या किंवा खिडक्या बदलणाऱ्या कंपनीकडे 2010 पासून ईपीएचं, म्हणजे केंद्र सरकारच्या पर्यावरण खात्याचं, सर्टिफिकेट असावं लागतं. घरात लहान मूल असेल तर हे विचारायला अजिबात संकोच करू नका, त्या धुळीने मुलांच्या मेंदूला कायमची इजा होते.

जुनं घर विकत घेणारे असाल तर सही करण्याआधी टाउनशिपकडून त्या पत्त्याचा परमिटचा इतिहास मागवा. न्यू जर्सीत ओप्रा या सरकारी नोंदी मागवण्याच्या कायद्याखाली तसा अर्ज करता येतो, इतर राज्यांतही अशी सोय असते. जाहिरातीत फिनिश्ड बेसमेंट आहे आणि नोंदीत त्याचा पत्ताच नाही, असं फार वेळा दिसतं. परमिट काढलं पण शेवटची तपासणी झालीच नाही, हेही तितकंच. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाचं क्लोजिंग आधीच्या मालकाच्या डेकच्या, शेवटची तपासणी न होता उघड्या राहिलेल्या परमिटमुळे पुढे ढकलावं लागलं, आणि इकडे अपार्टमेंट सोडायची नोटीस देऊन झाली होती. असं काही निघालं तर ॲटर्नीला सांगून विकणाऱ्याकडूनच ते परमिट बंद करून घ्या, किंवा तेवढी रक्कम एस्क्रोमध्ये, म्हणजे तिसऱ्याच्या ताब्यातल्या खात्यात, ठेवायला लावा. घर ताब्यात आल्यानंतर लक्षात आलं तर लपवत बसू नका. झालेल्या कामाचं परमिट मागाहून काढता येतं. बऱ्याच ठिकाणी दुप्पट फी घेतात, एखाददुसऱ्या जागी ड्रायवॉल उघडून दाखवावी लागते. आणि शेवटच्या तपासणीनंतर मिळालेला कागद क्लोजिंगच्या फाइलमध्येच ठेवा, विकताना ग्राहकाचा वकील तोच मागतो.